पॉवरलिफ्टिंगची कोणती सिस्टीम तुमच्या अंगाला मानवेल?

मागच्या भागात आपण स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्ही लिफ्ट नीट कशा करायच्या ते पाहिले. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. नागपूर, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही जिममध्ये गेलो तरी तो मला हमखास विचारला जातो : "दादा, कुठली सिस्टीम फॉलो करू?"

सरळ उत्तर मी देणार नाही. हेच सरळ उत्तर एकदा मी स्वतःला दिले होते आणि त्यापायी सहा आठवडे अंथरुणात आणि अंथरुणाच्या आसपास काढले. तर आज ती गोष्ट सांगतो, आणि तिच्या आधाराने तुमच्या शरीराला कोणते प्रश्न विचारायचे तेही सांगतो.

माझी चूक

मी भिलाईचा. वडील नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले, आमचे सगळे बालपण सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेले. पुढे मीही शिफ्टच्या नोकरीला लागलो. भिलाईत राहणाऱ्याला शिफ्ट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. एक आठवडा पहाटे घर सोडायचे, एक आठवडा दुपारी, आणि एक आठवडा रात्रभर जागायचे. शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच वेळ बदलते.

या गावाचे आणि रशियाचे जुने नाते आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. मैत्री बागेचे नावसुद्धा त्याच मैत्रीचे. त्यामुळे जिममध्ये एकाने "भैया, रशियन प्रोग्राम कर लो, लोहा बन जाओगे" म्हटले, तेव्हा मला ते घरचेच वाटले. रशियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेले बोरिस शेइको यांच्या पद्धतीचा एक तक्ता मी इंटरनेटवरून उतरवून घेतला. आठवड्याला चार दिवस. एकाच दिवशी स्क्वॉट, मग बेंच, मग पुन्हा स्क्वॉट.

तक्त्यात सगळे आकडे टक्क्यांत असतात. तुमचा मॅक्स किती, म्हणजे एकदाच उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन किती, ते आधी भरायचे. मी स्क्वॉटपुढे भरले 160 किलो. खोटे नव्हते ते. फक्त चार वर्षांपूर्वीचे होते. तेव्हा शिफ्ट नव्हती, झोप होती. त्या दिवशी खरा मॅक्स काढला असता तर 140 निघाला असता.

आता हिशेब बघा. तक्ता म्हणाला, 80 टक्क्यांवर तीन रेपचे पाच सेट. 160 चे 80 टक्के म्हणजे 128 किलो. पण माझा खरा मॅक्स 140. मग 128 किलो माझ्यासाठी 91 टक्के झाले. सोव्हिएत वेटलिफ्टिंगमध्ये प्रिलेपिन नावाच्या प्रशिक्षकाचा एक तक्ता प्रसिद्ध आहे. कोणत्या टक्क्यावर एका दिवसात एकूण किती रेप कराव्यात, हे त्यात दिलेले आहे. 80 ते 90 टक्क्यांवर 10 ते 20 रेप चालतात. 90 च्या वर गेलात की चार ते दहा. मी 91 टक्क्यांवर पंधरा करत होतो. तेही नाइट शिफ्टच्या आठवड्यात, दिवसा चार-साडेचार तासांच्या झोपेवर.

सहाव्या आठवड्यात डेडलिफ्टच्या वॉर्मअपला, फक्त 90 किलोवर, कमरेत कळ आली आणि डाव्या पायात खाली उतरली. बार खाली ठेवला तो तसाच. तिथल्या दोन पोरांनी मला धरून स्कूटरपर्यंत नेले.

दोष रशियन पद्धतीचा नव्हता. ती पद्धत हजारो लोकांना मोठे करून गेली आहे. ज्याच्यासाठी ती बनली होती, तो मी नव्हतो. त्याचा दिवस जेवण, झोप आणि सराव यांत जातो. माझा दिवस कुठे जात होता ते तुम्ही ऐकलेच.

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एकच गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाचे एक अमेरिकन लष्करी डॉक्टर गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. तोपर्यंतची पद्धत हलके व्यायाम पुष्कळ वेळा करून घेण्याची होती. डिलॉर्मनी जड वजन दिले आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवले. 1945 मध्ये त्यांनी ते अनुभव प्रसिद्ध केले. आज आपण दहा-दहाचे तीन सेट मारतो, त्या सवयीचे मूळ त्यांच्या कामात सापडते.

आपल्या तालमीतला वस्तादही वेगळे काय करायचा? नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगायचा नाही. आज पन्नास, पंधरा दिवसांनी शंभर. पोरगा थकलेला दिसला की मातीतून बाहेर काढायचा. एकाला खुराक वाढवायचा, दुसऱ्याचे जोर कमी करायचा. कागद नव्हता, पण नजर होती.

मुद्दा इतकाच : शरीरावर ताण द्या, त्याला भरून यायला वेळ द्या, मग थोडा जास्त ताण द्या. ताण किती, वेळ किती आणि "थोडा जास्त" म्हणजे किती, या तीन प्रश्नांची प्रत्येक पद्धत वेगळी उत्तरे देते.

चार-पाच मुख्य घराणी

गाण्यात घराणी असतात तशी इथेही आहेत. थोडक्यात ओळख करून देतो.

पहिले, सरळ चढत जाणारे. पाच रेपचे पाच सेट. अमेरिकेत बिल स्टार यांनी 1976 च्या पुस्तकातून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. तिची आजची नवशिक्यांसाठीची सोपी रूपे सांगतात की आठवड्यात तीन दिवस या आणि प्रत्येक वेळी बारवर अडीच किलो वाढवा. नवशिक्यासाठी याहून चांगले काही नाही. पण हे फार दिवस चालत नाही, आणि चालू नये हेच बरोबर आहे.

दुसरे, महिन्याच्या हिशेबाने चढणारे. जिम वेंडलर यांची 5/3/1 पद्धत 2009 मध्ये पुस्तकरूपात आली. यात खरा मॅक्स धरतच नाहीत. त्याच्या 90 टक्के आकडा धरतात आणि सगळे टक्के त्या कमी आकड्यावर काढतात. तीन आठवडे चढ, चौथा आठवडा हलका. मग स्क्वॉट-डेडलिफ्टला पाच किलो आणि बेंचला अडीच किलो वाढवून पुन्हा सुरुवात.

तिसरे, रशियन. बहुतेक काम 70 ते 80 टक्क्यांवर, पण प्रमाण भरपूर. तंत्र घोटून घोटून अंगात मुरवायचे. झोप, जेवण आणि अचूक मॅक्स या तीन गोष्टी असतील तरच.

चौथे, वेस्टसाइड. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात लुई सिमन्स यांनी उभे केले. आठवड्यात दोन दिवस अतिजड, दोन दिवस हलके पण वेगाने. बारला साखळ्या आणि रबरी बँड लावलेले व्हिडिओ तुम्ही पाहता ते इथलेच. लक्षात ठेवा, ही पद्धत मुख्यतः ताठ सूट घालून उचलणाऱ्या मुरलेल्या लिफ्टरांमध्ये वाढली.

पाचवे, जाणिवेवर चालणारे. याला आरपीई म्हणतात. माइक टशरर यांनी पॉवरलिफ्टिंगमध्ये ही पद्धत रुजवली. सेट संपल्यावर स्वतःला विचारायचे, अजून किती रेप निघाल्या असत्या? एकही नाही, तर दहा. एक निघाली असती तर नऊ. दोन, तर आठ. तक्त्यात किलोऐवजी "आठवर थांबा" असे लिहिलेले असते. वाईट दिवशी वजन आपोआप कमी होते, चांगल्या दिवशी वाढते. अडचण एकच : नवशिक्याला आपल्यात किती शिल्लक आहे ते कळतच नाही. तो सहालाच दहा म्हणतो, किंवा दहालाही सात.

शरीराला विचारायचे पाच प्रश्न

एक : बार हातात घेऊन किती दिवस झाले? वय नव्हे, सरावाचे वय. सहा-आठ महिन्यांच्या आत असाल तर पहिले घराणे. अडीच किलो दर वेळी वाढतोय, तर तो महिन्यातून एकदा का वाढवायचा?

दोन : झोप किती? मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब कागदावर लिहा. सरासरी सहा तासांच्या खाली असेल तर आठवड्यात चार जड दिवसांची कुठलीही पद्धत तुमची नाही, मग ती कोणीही लिहिलेली असो.

तीन : दिवस खरोखर किती मिळतात? "मिळायला हवेत" ते नव्हे. मागच्या महिन्यात तुम्ही प्रत्यक्ष किती दिवस गेलात तो आकडा.

चार : अंगाची ठेवण कशी? मांडीचे हाड लांब असलेला माणूस स्क्वॉटला पुढे झुकणारच. त्याला "छाती वर, छाती वर" ओरडून उपयोग नाही. पाय थोडे रुंद ठेवू द्या, बार पाठीवर जरा खाली घेऊ द्या. हात लांब असतील तर डेडलिफ्ट लवकर वाढेल आणि बेंच रडवेल. हात आखूड, छाती भरदार, तर उलटे. जी लिफ्ट रडवते तिला आठवड्यात जास्त वेळा, पण हलक्या हाताने भेटा. बेंच आठवड्यात दोन-तीनदा सोसते. जड डेडलिफ्ट बहुतेकांना एकदाच पुरते.

पाच : जुनी दुखणी कोणती? खांदा, गुडघा, कंबर. जे दुखते त्याला सोडू नका, पण त्याच्यावर मॅक्सही काढू नका.

एकाच घरातली तीन माणसे

हे नुसते वाचून पटत नाही, म्हणून माझ्या घरातलीच तीन उदाहरणे देतो.

भाचा एकोणीस वर्षांचा, उंच, मांड्या लांब. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला आणि महिन्याभरात जिमला जाऊ लागला. माझी कंबर तेव्हा नुकतीच बरी होत होती. एक दिवस म्हणाला, "मामा, तुझी ती रशियन वाली वही दे ना." मी कपाटातून वही काढलीसुद्धा. देता देता हात थबकला. ज्या वहीने मला पाडले ती मी पोराच्या हातात देत होतो, आणि का, तर ती माझ्याकडे होती म्हणून!

वही परत ठेवली. त्याला पाच बाय पाचवर लावले. स्क्वॉट 40 किलोपासून, दर वेळी अडीच किलो, आठवड्यात तीन दिवस. सुरुवातीला त्याला ते फार हलके वाटले, चिडचिड केली. सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला 85 वर पोचला आणि तिथे अडला. सलग तीनदा अडल्यावर वजन दहा टक्के उतरवले, पुन्हा चढवले. परत तिथेच अडला तेव्हाच पद्धत बदलली. त्याआधी नाही.

वहिनी सत्तेचाळीस वर्षांच्या. डॉक्टरांनी सांगितले, चालण्याबरोबर वजनाचा व्यायाम करा. तिशीनंतर दर दशकाला साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात, आणि बायकांमध्ये पाळी थांबण्याच्या सुमारास हाडेही विरळ होऊ लागतात. पण वहिनींना सुरुवातीला वीस किलोचा रिकामा बारही जड होता. म्हणून सहा किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट. आठवड्यात दोन दिवस. टक्के नाहीत, तक्ता नाही. "दोन अजून निघाल्या असत्या असे वाटले की थांबा," एवढेच. हे पाचवे घराणेच झाले, फक्त नाव न घेता. दहा महिन्यांनी त्यांनी 50 किलोचा डेडलिफ्ट पाच वेळा उचलला. भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो. तो आता सरकवायला त्या कोणाला हाक मारत नाहीत.

तिसरा मी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खरा मॅक्स अंदाजाने काढला : 100 किलो. त्याच्या 90 टक्के, म्हणजे 90, हा आधाराचा आकडा. पद्धत 5/3/1. आणि एक बदल केला, जो शिफ्टवाल्या प्रत्येकाने ऐकावा : वार काढून टाकले. सोमवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच असे काही नाही. एक, दोन, तीन, चार असा क्रम ठरवला. ज्या दिवशी झोप झाली त्या दिवशी क्रमातला पुढचा नंबर. नाइटच्या आठवड्यात फक्त हलके काम. महिन्याचे चक्र मला सहा आठवडे घेऊ लागले. घेऊ दे की! दर चक्राला पाच किलो वाढत गेले. नऊ वेळा वाढले तेव्हा आधाराचा आकडा 90 वरून 135 झाला. सव्वा वर्ष लागले. त्यानंतर एका सुट्टीच्या सकाळी, पोटभर झोपून, 150 किलो पूर्ण खाली बसून उचलले. चार वर्षे जुन्या 160 पेक्षा मला त्या 150 चा जास्त अभिमान आहे.

मॅक्स न काढता मॅक्स कसा काढायचा

दर महिन्याला जीव काढून मॅक्स मारायची गरज नाही. साधे सूत्र आहे. पाच स्वच्छ रेप निघतील असे वजन घ्या. रेपच्या संख्येला तीसने भागा, त्यात एक मिळवा, आणि वजनाला गुणा. 80 किलो पाच वेळा निघाले, तर सुमारे 93 किलो. त्याच्या 90 टक्के म्हणजे 84. वेंडलर पद्धतीत पहिल्या आठवड्याला या 84 चे 65, 75 आणि 85 टक्के, म्हणजे जवळपास 55, 62.5 आणि 70 किलो, प्रत्येकी पाच रेप. हलके वाटेल. वाटू द्या.

सूत्र पाच-सहा रेपपर्यंत ठीक चालते. पंधरा रेपवरून काढलेला आकडा फसवतो.

पद्धत बदलायची कधी?

वही ठेवा. तारीख, वजन, रेप, झोपेचे तास, आणि एक ओळ : आज कसे वाटले. आठ ते बारा आठवडे पद्धतीला हात लावू नका. दर पंधरा दिवसांनी नवा व्हिडिओ पाहून नवी पद्धत धरणारा माणूस बारा महिने पहिल्याच आठवड्यात राहतो.

मग वही उघडा. वजन वाढतेय, झोप नीट आहे, तर काहीही बदलू नका. वजन अडले आणि तुम्ही ताजेतवाने आहात, तर काम वाढवा. वजन अडले आणि अंग सतत मोडल्यासारखे आहे, तर काम कमी करा. आणि आधी जेवण तपासा. ताकदीचा सराव करणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवे असते. 70 किलोच्या माणसाला 112 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, 100 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 50 च्या वर. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोरे बासी खातात. पोटाला गार, पाणीही भरपूर, पण सोबत अंडी किंवा चणे घ्या. आणि मे महिन्यात पत्र्याच्या जिममध्ये दुपारी मॅक्स काढू नका. तो आकडा तुमचा नसतो, उन्हाचा असतो.

एक गोष्ट कुठल्याच पद्धतीत बसत नाही. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, तर बार ठेवा आणि डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखे वाटले तर त्याच क्षणी दवाखाना. त्यात मर्दानगीचा प्रश्न नाही.

शेवटी

2022 च्या मे महिन्यात ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून सुवर्ण घेतले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. त्याच स्पर्धेत आमच्या शेजारच्या राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादवने 49 किलो गटात रौप्य घेतले. एक मावळची, एक छत्तीसगडची. त्यांचा खेळ वेगळा, पण बार तोच. त्यांचे सोनेचांदी पाहून हुरूप घ्या, जरूर घ्या. त्यांचा तक्ता मात्र घेऊ नका. तो त्यांच्या प्रशिक्षकांनी त्यांना समोर उभे करून, त्यांच्यासाठी बनवलेला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना असा प्रशिक्षक मिळत नाही. म्हणून वस्ताद आणि पैलवान दोन्ही आपणच व्हायचे. पैलवान म्हणेल, अजून एक प्लेट लाव. वस्तादाने वही उघडून बघायची आणि मग हो किंवा नाही सांगायचे.

माझी जुनी रशियन वही अजून कपाटात आहे. भाचा आता दोन वर्षांचा मुरलेला आहे, झोपतो नीट, खातो नीट. परवा त्याने पुन्हा मागितली. या वेळी मी दिली. पहिल्या पानावरचे 160 खोडून म्हणालो, "आधी इथे तुझा आजचा आकडा लिही."

पुढच्या भागात बेल्ट कधी बांधायचा आणि कधी नाही ते पाहू. तोवर झोपा नीट.